पोट भरले, पण अंग उपाशी



गावात एखाद्या घरी दुभंगलेल्या ओठाचे मूल जन्माला आले, की ओसरीवर पहिला प्रश्न निघतो तो ग्रहणाचा. ‘ग्रहणात सुनेने विळी हातात घेतली होती का? काय चिरले होते?’ सून बिचारी आठवून आठवून थकते. मग कोणी तिच्या माहेरच्या रक्ताचा दोष काढतो, कोणी मागच्या जन्मीचे पाप काढतो. पण नऊ महिने त्या सुनेच्या ताटात काय पडले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

हा ताटाचा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला. माणसांना मुद्दाम निकस अन्न देऊन त्यांची मुले कशी होतात हे पाहणे पाप आहे, आणि कोणी ते करूही देणार नाही. म्हणून त्यांनी पिंजऱ्यातल्या मुक्या जिवांकडून उत्तर घेतले. उंदीर, कोंबड्या, डुकरे, कुत्रे, माकडे यांना पोटभर खायला दिले, पण त्या खाण्यातून एखादेच जीवनसत्त्व किंवा एखादाच क्षार काढून घेतला. पांढऱ्या उंदराची मादी अवघ्या तीन आठवड्यांत विते, त्यामुळे वर्षाच्या आत तीन पिढ्यांचा हिशेब समोर येतो. त्या हिशेबातून जे निघाले ते आपल्या घराशी आणि आपल्या गोठ्याशी थेट जोडलेले आहे.

डोळ्यांविना जन्मलेली अकरा पिले

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या शेती संशोधन केंद्रात फ्रेड हेल नावाचे संशोधक डुकरांच्या खाद्यावर काम करीत होते. त्यांनी एका डुकरिणीला गाभण होण्याआधी कित्येक महिने आणि गाभण झाल्यावर सुरुवातीचे काही दिवस ‘अ’ जीवनसत्त्व नसलेले खाद्य दिले. बाकी खाद्य भरपूर होते. ती व्याली तेव्हा तिला अकरा पिले झाली, आणि त्या अकराही पिलांना डोळ्यांची बुबुळेच नव्हती. खोबणी होत्या, डोळे नव्हते. 1933 साली हेल यांनी ही हकीकत छापली. पुढच्या प्रयोगांत काही पिलांचे ओठ दुभंगलेले निघाले, काहींची टाळू फाटलेली निघाली.

आता कोणीही म्हणेल, ‘त्या डुकरिणीच्या वंशातच खोट असेल.’ हेल यांनाही ही शंका होती. म्हणून त्यांनी ती आंधळी पिले चांगल्या खाद्यावर वाढवली आणि त्यांच्यापासून पुढची पैदास घेतली. आंधळ्या आईबापांची ती पिले डोळस जन्मली. खोट वंशात नव्हती, खाद्यात होती.

त्यानंतर 1940 च्या सुमारास सिनसिनाटी येथे जोसेफ वॉर्कनी या बालरोगतज्ज्ञांनी पांढऱ्या उंदरांवर असेच काम केले. त्यांनी माद्यांना मक्याच्या पिठाचे असे खाद्य दिले, की त्या जगत होत्या, फिरत होत्या, वरून पाहता धडधाकट दिसत होत्या. पण त्यांची बरीच पिले फाटक्या टाळूची, आखूड पायांची आणि बोटे चिकटलेली अशी जन्मली. त्याच खाद्यात वाळवलेल्या यकृताची पूड मिसळली, की पिले चांगली होत. शोध घेता घेता त्या पुडीतला नेमका गुण सापडला. तो होता ‘ब-2’ जीवनसत्त्वाचा, ज्याला रायबोफ्लेविन म्हणतात आणि जे आपल्या दुधात, ताकात आणि हिरव्या पाल्यात असते.

वॉर्कनी यांच्या कामातली दुसरी गोष्ट आपण शेतकऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. उंदराच्या मादीला ते जीवनसत्त्व गर्भारपणाच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत मिळाले तर पिले वाचत. त्यानंतर कितीही दिले तरी उपयोग होत नसे. टाळू जुळायची ती वेळ निघून गेलेली असे. वापसा निघून गेल्यावर पेरलेल्या बियाण्याचे काय होते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको. गर्भाचेही तसेच आहे. प्रत्येक अवयवाच्या पेरणीचा आपला एक वापसा असतो.

जी गोष्ट जीवनसत्त्वांची, तीच क्षारांची. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात मेंढ्यांची कोकरे जन्मतः लुळी पडत, मागचे पाय ओढीत चालत. 1937 साली बेनेट्स यांनी दाखवून दिले, की तिथल्या चाऱ्यात तांबे कमी होते. गाभण मेंढ्यांना तांब्याचा क्षार देताच कोकरे पायावर उभी राहू लागली. पुढे 1966 मध्ये ल्यूसिल हर्ले यांनी गाभण उंदरांच्या खाद्यातून जस्त काढून टाकले, तर पिलांच्या मेंदूत, हाडांत आणि टाळूत व्यंगे उमटली. हे तांबे आणि जस्त अंगाला किती लागते? दिवसाला चिमटीत मावणार नाही इतके. पण तेवढे नसले, तर पोतेभर धान्य त्याची भरपाई करीत नाही.

हे शास्त्र कोंबड्यांपासून सुरू झाले

भरल्या पोटीही माणूस उपाशी असू शकतो, ही गोष्ट सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनाही पटत नव्हती. रोग झाला म्हणजे बाहेरून जंतू आला, असाच तेव्हाचा समज. तो समज मोडला तो कोंबड्यांनी.

जावा बेटावर तेव्हा डच लोकांचे राज्य होते. तिथल्या शिपायांना आणि कैद्यांना बेरीबेरी नावाचा रोग होई. पायांतले बळ जाई आणि अखेर हृदय थांबे. ख्रिस्तियान आइकमन हे डॉक्टर त्या रोगाचा जंतू शोधीत होते. एकदा त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या लडखडू लागल्या, पाय आखडून पडू लागल्या. जंतू काही सापडेना. आणि काही महिन्यांनी कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, की मधल्या काळात त्यांना लष्करी दवाखान्यातला उरलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. मग नवा स्वयंपाकी आला. तो म्हणाला, ‘शिपायांचा भात कोंबड्यांना देणार नाही.’ तेव्हापासून त्यांना साधा, कोंडा न काढलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून चालू लागल्या.

गिरणीत तांदूळ चकचकीत करताना जो कोंडा आपण टाकतो, त्यातच ‘ब-1’ जीवनसत्त्व होते. आइकमन यांना या कामासाठी 1929 साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दसुद्धा याच शोधाच्या मागावर 1912 मध्ये कासिमिर फुंक यांनी काढला.

सेलूच्या वाटेवर

आता जावा बेटावरून आपल्या वर्धा जिल्ह्यात या. नागपूरहून वर्ध्याला निघालात की सेलू लागते, पुढे धाम नदीच्या काठी पवनार येते आणि मग वर्धा. त्या वर्ध्यात मगनवाडी आहे. 1934 च्या डिसेंबरात गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन केला, त्याचे ठाणे मगनवाडीत पडले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. 1938 च्या अखेरीस तिथे मगन संग्रहालय उघडले.

मगनवाडीतल्या माणसांनी पहिला आग्रह कशाचा धरला असेल? हातसडीच्या तांदळाचा, जात्यावरच्या कोंड्यासकट पिठाचा, घाणीच्या तेलाचा आणि गुळाचा. आइकमन यांच्या कोंबड्यांनी जे सांगितले, तेच मगनवाडी आपल्या मुसळ-जात्याच्या भाषेत सांगत होती. गांधीजी स्वतः 1935 साली ‘हरिजन’ पत्रात हिरव्या पाल्याच्या भाज्यांच्या गुणांवर लिहीत होते. मगनवाडीच्या पंगतीत त्यांनी सोयाबीनचाही प्रयोग करून पाहिला.

आज सेलूच्या शिवारात कपाशी आणि तुरीच्या जोडीला सोयाबीन उभे असते. पण त्यातले घरच्या चुलीवर किती चढते? सारे पोते बांधून बाजाराला. सोयाबीन घरात खायचे असेल तर एक गोष्ट सांभाळावी. ते कच्चे खाऊ नये. 1917 मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल या संशोधकांनी उंदरांना कच्चे सोयाबीन दिले, तर ते वाढले नाहीत. शिजवून दिले, तर चांगले वाढले. म्हणून भिजवून, नीट शिजवून किंवा चांगले भाजूनच गव्हात दळावे.

कुन्नूरच्या पिंजऱ्यात मराठी जेवण

निलगिरीच्या डोंगरात कुन्नूर येथे 1918 मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी एका खोलीत बेरीबेरीवर काम सुरू केले. त्या खोलीची वाढ होत होत पुढे ती मोठी संस्था झाली. 1958 मध्ये ती हैदराबादला गेली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते.

मॅककॅरिसन यांचा एक प्रयोग फार गाजला. त्यांनी एकाच वयाच्या, एकाच वजनाच्या उंदरांचे सात गट केले आणि प्रत्येक गटाला भारतातल्या एकेका प्रांताचे जेवण दिले. कोणाला शिखांचे, कोणाला पठाणांचे, कोणाला गुरख्यांचे, कानडी लोकांचे, बंगाल्यांचे, मद्राशांचे. आणि हो, एका गटाला मराठ्यांचे. ठरावीक दिवसांनी उंदरांना तराजूत घातले. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सरासरी 235 ग्रॅम भरले. पठाणी जेवण दुसरे आले. मराठी जेवण तिसरे आले. सर्वांत शेवटी मद्राशी जेवणावरचे उंदीर, ते अवघे 155 ग्रॅम.

शिखांच्या ताटात काय होते? कोंड्यासकट गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, हिरव्या भाज्या, गाजर-टोमॅटो आणि आठवड्यातून एखादे वेळी मटण. मद्राशी ताटात मुख्यतः चकचकीत पांढरा भात, आणि दूध-भाजी नावापुरती. माणसाची जात किंवा प्रांत दुबळा नव्हता. उंदीर सारे एकाच जातीचे होते, ताट तेवढे निराळे होते.

त्यांनी आणखी एका गटाला इंग्लंडातल्या गरिबांचे जेवण दिले. मैद्याचा पाव, बनावट लोणी, साखर घातलेला चहा, डबाबंद मुरंबा. हे उंदीर खुरटले, चिडखोर झाले, राखणदारांना चावू लागले, आणि साठाव्या दिवसाच्या सुमारास त्यांनी आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खायला सुरुवात केली. आज आपल्या मुलांच्या हातात सकाळी चहा-बिस्किट आणि दुपारी पाच रुपयांचे पाकीट असते. तेव्हा कुन्नूरचा तो पिंजरा डोळ्यांसमोर आणावा.

मुंबईच्या गिरण्या, माकडे आणि पालेभाजी

आता आपल्याच राज्यातली गोष्ट. 1928 साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईला आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम केले. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, रक्त पाण्यासारखे होई आणि कित्येकींचा जीव जाई. ल्यूसीबाईंनी या बायकांच्या घरी काय शिजते ते पाहिले. ज्या घरांत भाजी, फळे आणि मांसमच्छी पडत होती, तिथे हा पंडुरोग कमी होता.

मग त्यांनी गिरणीकामगारांच्या घरासारखे जेवण आधी उंदरांना आणि पुढे माकडांना दिले. उंदरांच्या बाबतीत एक घोटाळा निघाला. त्यांच्या अंगावरच्या उवांमुळेही त्यांना एक रक्ताचा रोग होत होता. म्हणून माकडांवरचे काम महत्त्वाचे ठरले. त्या जेवणावर माकडांनाही तोच पंडुरोग झाला. यिस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मार्माइट नावाने मिळणाऱ्या स्वस्त पदार्थाने, माकडे बरी झाली. गिरणीतल्या बायकाही त्यानेच उठून बसल्या. 1931 साली ही हकीकत प्रसिद्ध झाली.

त्या अर्कात काय होते, हे लगेच कळले नाही. 1941 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पालकाच्या ढिगांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि पानाला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्यावरून त्याला ‘फॉलिक ॲसिड’ असे नाव दिले. उपकेंद्रातून गरोदर बाईला जी फॉलिक ॲसिडची गोळी मिळते, तिचे मूळ असे परळच्या माकडांत आणि गिरणीकामगार बायांत आहे.

1950 च्या दशकात दिसून आले, की गाभण उंदरांना या फॉलिक ॲसिडची टंचाई झाली तर पिलांत व्यंगे येतात. माणसाच्या बाबतीत पक्का निकाल 1991 मध्ये लागला. सात देशांतल्या, आधी पाठीच्या कण्याचे किंवा मेंदूचे व्यंग असलेले मूल झालेल्या बायांना पुढच्या गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक ॲसिड दिले. शेकडा 72 टक्के व्यंगे टळली. इथेही तोच वापसा. गर्भाच्या पाठीचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच जुळतो. पाळी चुकली हे कळेपर्यंत ती वेळ निघून जात असते. म्हणून नव्या सुनेने मूल होण्याचा विचार केला, की तेव्हापासूनच गोळी सुरू करावी. मूल राहिल्यावर नव्हे.

ज्वारी आणि काळी जीभ

आपल्या दख्खनच्या पठारावर आणखी एक रोग पूर्वी पुष्कळ दिसे. पेलाग्रा त्याचे नाव. मानेभोवती हार घातल्यासारखी, हातापायांवर उन्हाने करपल्यासारखी काळी कातडी, सतत ढाळ आणि मन उदास. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास दाखवले, की जे गरीब नुसत्या ज्वारीवर राहतात त्यांना हा रोग होतो. त्यांनी कुत्र्यांना ज्वारीवर ठेवले तर कुत्र्यांची जीभ काळी पडली. माणसाच्या पेलाग्राचे कुत्र्यातले रूप तेच. 1937 मध्ये एल्व्हेजेम यांनी निकोटिनिक ॲसिड देऊन कुत्र्यांची काळी जीभ बरी केली होती. ज्वारीमुळे असे का होते, याच्या कारणावर शास्त्रज्ञांत पुढे मतभेद झाले, पण उपायावर नाही.

म्हणून ज्वारीला दोष देऊ नये. सेलूकडे ज्वारीचा पेरा आता घटला आहे, कारण सोयाबीन आले आणि रानडुकरांचा उपद्रव वाढला. तरीही ज्वारीची भाकर मैद्यापेक्षा शंभर पटींनी बरी. दोष ‘नुसत्या’ या शब्दात आहे. भाकरीबरोबर वरण, झुणका, ताक, पालेभाजी आणि जवसाची चटणी असली, की तीच भाकर अंग पोसते.

गोठ्यातही हेच

आपल्या वर्ध्याच्या गवळाऊ गायी नामांकित. पण उन्हाळाभर नुसता वाळलेला कडबा आणि कुटार, वर ढेप, एवढ्यावरच गाभण गाय काढली, तर तिच्या अंगात ‘अ’ जीवनसत्त्व उरत नाही. अशा गायीचे वासरू अधू डोळ्यांचे किंवा आंधळे जन्मते, मरतुकडे होते, कधी दिवस भरण्याआधीच पडते. हेल यांच्या डुकरिणीची कथा ती हीच. तेव्हा कितीही टंचाई असली तरी गाभण जनावराला थोडा तरी हिरवा पाला मिळालाच पाहिजे. विहिरीच्या दांडावर मूठभर बरसीम किंवा मका करावा, बांधावर शेवरी आणि सुबाभूळ लावावी. सुबाभूळ मात्र थोडीच घालावी.

गाय हाडे चघळते, चिंध्या खाते, भिंत चाटते. त्यावेळी तिला खोडकर समजून मारू नये. तिला फॉस्फरससारख्या क्षारांची भूक लागलेली असते. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रण त्यांच्या मापाने रोज द्यावे आणि गव्हाणीजवळ मिठाची वीट टांगावी. शेळ्या आणि कोंबड्या यांनाही हे विसरू नये.

काय समजू नये

हे सर्व वाचून एखादा म्हणेल, ‘म्हणजे व्यंगाचे मूल झाले, तर आईनेच खाल्ले नाही असे समजायचे का?’ नाही. ग्रहणाचा दोष काढून टाकून खाण्याचा दोष तिच्या माथी मारायचा, असा या लेखाचा अर्थ मुळीच नाही. पुष्कळ व्यंगे रक्तातून येतात, काही गरोदरपणात झालेल्या जंतूंच्या रोगांमुळे, काही औषधांमुळे, काही दारू-तंबाखूमुळे, आणि कित्येकांचे कारण डॉक्टरांनाही सांगता येत नाही. शिवाय उंदीर तो उंदीर आणि माणूस तो माणूस. उंदीर, कुत्रा, गाय हे ‘क’ जीवनसत्त्व आपल्या अंगातच तयार करतात. माणसाला आणि गिनीपिगला ते जमत नाही, त्यांना ते खाण्यातूनच घ्यावे लागते. म्हणून पिंजऱ्यातला प्रत्येक निकाल जसाच्या तसा घरात आणता येत नाही.

दुसरे असे, की थोडे चांगले म्हणजे जास्त आणखी चांगले, असेही नाही. 1953 साली दिसून आले, की गाभण उंदरांना ‘अ’ जीवनसत्त्व अति दिले तरीसुद्धा पिलांत व्यंगे येतात. भाजीतून ते अति होत नाही, गोळ्यांतून होते. म्हणून गरोदर बाईला दुकानातून आणलेली ताकदीची औषधे आपल्या मनाने देऊ नका.

आणि दुभंगलेला ओठ किंवा टाळू असलेले मूल झालेच, तर त्याला लपवून ठेवू नका. शस्त्रक्रियेने ते चांगले होते. सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आणि मोठे रुग्णालय आहे. अशा मुलाला लवकरात लवकर तिथे दाखवावे. तोवर त्याला दूध कसे पाजावे, तेही डॉक्टर सांगतील.

शिवारातले औषध

आता मुद्द्याचे. हे सारे आणायला पैसा लागतो का? फार नाही. आपल्याच शिवारात ते आहे.

पहिला पाऊस पडला की तरोटा उगवतो. घोळ, चिवळ, माठ, अंबाडी बांधावर येते. शेवग्याचा पाला बारा महिने मिळतो. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खुडून भाजी होते आणि वाळवून वर्षभर पुरते. या पानांत ‘अ’ आणि रायबोफ्लेविन आहे, ताज्या पानांत फॉलिक ॲसिडही आहे. ‘अ’ जीवनसत्त्व अंगी लागायला थोडे तेल लागते, म्हणून भाजी फोडणीची असावी. पिकलेली पपई, आंबा, गाजर आणि लाल भोपळा यांचाही तोच गुण.

तूर, हरभरा, मूग, चवळी आणि फल्लीदाणे फॉलिक ॲसिड, जस्त आणि लोह देतात. कडधान्याला मोड आणले, की त्यातले जस्त व लोह अंगाला जास्त लागते. ताटात लिंबाची फोड किंवा आवळा असला, तर भाजीतले लोह चांगले जिरते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते वाया जाते. तेव्हा चहा तासाभराने घ्यावा.

दूध सारेच डेअरीला घालू नका. घरातल्या लेकुरवाळीला आणि गरोदर बाईला त्यातला एक पेला हक्काने राखून ठेवा. ‘ब-12’ नावाचे जीवनसत्त्व पाल्यात नसते. ते दूध, दही, अंडी, मटण, मासे यांतूनच येते. जे मांसाहार करीत नाहीत, त्यांच्या घरात तर दुधातुपाची काटकसर बाईच्या ताटातून मुळीच करू नये.

मीठ आयोडीनचे घ्यावे, झाकणाच्या बरणीत ठेवावे. गरोदर बाईला आयोडीन कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते.

भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी. भाजी शिजवलेले पाणी ओतून देऊ नये, तेच पाणी वरणात घालावे. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा टाकू नये, त्याने ‘ब-1’ जीवनसत्त्व नष्ट होते. तांदूळ फार घोळून धुवू नये आणि पेज फेकू नये.

अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या फुकट मिळतात. ‘गोळीने पोर काळे होते’ किंवा ‘पोर मोठे होऊन बाळंतपण अवघड जाते’ अशा गोष्टी खऱ्या नाहीत. गोळीने शौच काळसर होते, एवढेच. त्याने घाबरू नये.

शेवटी ताटाचीच गोष्ट

आपल्या घरांत जेवणाचा क्रम ठरलेला आहे. आधी पुरुष, मग मुले, मग सासू, आणि सर्वांच्या शेवटी सून. तोवर भाजीचे भांडे खरवडलेले असते, ताक संपलेले असते आणि उरते ती भाकर, तिखट आणि पाणी. तिचे पोट भरते. पण हेल यांच्या डुकरिणीचेही पोट भरतच होते, आणि वॉर्कनी यांच्या उंदरांचेही.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? आईचे अंग हा आड आहे आणि पोटातले मूल हा पोहरा. पेरणीच्या आधी बियाणे निवडतो, मातीची तपासणी करतो, खताला कर्ज काढतो. मग आपल्या घराच्या पुढच्या पिढीची माती जी माऊली आहे, तिच्या ताटात एक वाटी वरण, एक वाटी पालेभाजी आणि एक पेला ताक वाढायला कोणते कर्ज काढावे लागणार आहे?

घरातल्या सासूबाईंना आमची एवढीच विनंती आहे. ग्रहणाच्या दिवशी सुनेला अंधारात बसवण्यापेक्षा बाकीचे सारे दिवस तिला सर्वांबरोबर पंगतीला बसवा. आणि दादांनो, तुम्हाला विनंती ही, की आज रात्री जेवताना भाजीचे भांडे आपल्याकडे ओढण्याआधी त्यात मागे किती उरणार आहे ते एकदा पाहा.